भिवापूर ते नागभीड: ताटात काय आहे ते सांगणारी माणसे

डी.एड.च्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या आम्ही चौघी. त्यांतली एक लग्नानंतर नाशिकला गेली आणि बाकीच्या तिघी उमरेड, पवनी आणि ब्रह्मपुरीच्या आसपासच्या शाळांवर लागलो. गेल्या वर्षी आम्ही तिघी तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने एक अख्खा दिवस आम्हाला द्राक्षबागांच्या भागात फिरवले. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणल्यानंतर तिकडे वायनरी वाढत गेल्या आणि पाहुण्यांना बाग, टाक्या आणि तळघर दाखवणे हा आता त्यांच्या कामाचाच भाग झाला आहे. आमच्यापैकी दोघींनी वाइनला हात लावला नाही, नुसता द्राक्षाचा रस घेतला, तरीही तो दिवस तिघींच्याही मनात राहिला. तिथली एक तरुण मुलगी प्रत्येक पेल्याबरोबर द्राक्षाच्या वाणाचे नाव, छाटणीचा महिना, तोडणीची वेळ आणि त्या जमिनीचा गुण इतक्या आपुलकीने सांगत होती की न पिणाऱ्यालाही त्या पेल्याबद्दल आदर वाटावा. परतीच्या गाडीत आमचे बोलणे एकाच गोष्टीवर येऊन थांबत होते. आपल्या भागातही सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण पाहुण्याच्या ताटाशी उभे राहून ते कोण सांगते?

या जानेवारीत नाशिकची मैत्रीण चार दिवसांसाठी आमच्याकडे आली आणि त्यांतला एक दिवस मी मागून घेतला. नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडहून निघून भिवापूरमार्गे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात जायचे आणि वाटेत जे खायचे ते त्या मातीतले आहे की नाही हे विचारून खायचे, असे ठरले. त्या दिवशी आम्ही चार ठिकाणी थांबलो. त्यांतल्या शेवटच्या ठिकाणाविषयी मला मनापासून लिहायचे आहे. पहिल्याविषयी मात्र लिहिणे भाग आहे म्हणून लिहिते.

उमरेड मागे पडल्यावर रस्त्यालगतच्या एका मोठ्या ढाब्यावर आम्ही नाश्त्यासाठी उतरलो. बाहेर फलकावर सावजी आणि अस्सल वऱ्हाडी जेवण असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. आत आल्यावर हाती आलेल्या यादीत पनीरचे नऊ प्रकार, नूडल्स आणि फ्राइड राइस होते आणि आपल्याकडचे म्हणावे असे दोनच पदार्थ होते. आम्ही पाटवडी-रस्सा मागवला. पाटवडीचे बेसन नीट शिजवून, ताटात थापून, निवाल्यावर कापले, तर वडी रश्शात पडताच मऊ होते आणि तरीही फुटत नाही. इथली वडी आदल्या दिवशीची असावी, कारण ती चमच्याने तुटेना आणि रश्शाला लाल रंगाखेरीज सांगण्यासारखी चव नव्हती. मिरची कुठली वापरता, असे वाढणाऱ्या मुलाला विचारले, तेव्हा त्याने पाकिटातला मसाला येतो असे प्रामाणिकपणे सांगितले. त्या मुलाचा त्यात काही दोष नाही. परंतु ज्या रस्त्याने पुढे भिवापूर लागते, त्या रस्त्यावर बसून पाकिटातल्या तिखटाचा रस्सा वाढणे मला फार खुपले. नाशिकच्या मैत्रिणीने ताट अर्धे सोडले आणि आम्ही तिघींनी तिच्याकडे पाहण्याचे टाळले.

भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे आता पुष्कळांना माहीत आहे; पण या गावाची ओळख त्या कागदाच्या कितीतरी आधीपासूनची आहे. हिवाळा सरत येतो तसे इथले मिरची सातरे सुरू होतात. सातरा म्हणजे मिरचीचे देठ खुडण्याची आणि प्रतवारी करण्याची जागा. शेकडो बाया सकाळपासून तिथे लाल ढिगांपुढे बसलेल्या असतात आणि त्यांची मजुरी खुडलेल्या मिरचीच्या वजनावर ठरते. माझ्या एका विद्यार्थिनीची आई अशा एका सातऱ्यावर कामाला जाते, तिच्या ओळखीने आम्हाला आत जाता आले. तोंडाला ओढणी घट्ट बांधूनही पहिली दहा मिनिटे आम्ही नुसत्या खोकत होतो आणि त्या बाया मात्र हसत, बोलत, हात न थांबवता काम करत होत्या. दिवसभर त्या तिखट धुळीत बसणाऱ्या हातांची आग रात्री घरी गेल्यावरही जात नाही, असे एकीने सांगितले. ते ऐकल्यापासून मी घरी तिखटाचा डबा उघडते तेव्हा ते हात आठवतात.

त्याच बाईने आम्हाला दोन मिरच्या शेजारी ठेवून फरक दाखवला. गावरान भिवापुरी मिरची जाड सालीची आणि गडद रंगाची. तिचा तिखटपणा जिभेवर थोडा उशिरा येतो आणि बराच वेळ राहतो. दुसरी बाहेरच्या राज्यातून येणारी, लांब आणि चकचकीत; ती रश्शाला रंग देते, पण मसाला कुटताना घरात जो खाट, म्हणजे नाकात शिरणारा ठसका, उठायला हवा तो तिला उठत नाही. आता सातऱ्यांवर खुडली जाणारी बरीच मिरची बाहेरूनच येते आणि गावरान मिरचीचा पेरा पूर्वीइतका राहिलेला नाही, हेही तिने लपवले नाही. द्राक्षाच्या पेल्याबरोबर मिळालेल्या माहितीइतकीच नेमकी माहिती आम्हाला इथे एका मजूर बाईकडून मिळाली आणि ती तिने कोणत्याही शिक्षणाशिवाय, केवळ हाताच्या अनुभवावरून दिली. एक अडचण नोंदवते. घरगुती वापरासाठी किलो-दोन किलो गावरान मिरची घ्यायची म्हटली, तर आम्ही विचारलेल्या दोन्ही दुकानदारांनी निदान पाच किलो घ्या असे सांगितले. चौघींनी मिळून पाच किलो घेतली आणि गाडीत वाटून घेतली. एकट्या येणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे, लहान मुलांना सातऱ्यावर नेऊ नये आणि मालकाची परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नये.

भिवापूरहून पुढे धानाचा मुलूख सुरू होतो. नागपूर ते नागभीड अशी १०६ किलोमीटरची अरुंद लोहमार्गाची गाडी याच बाजूने धावत असे. रुंदीकरणासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. त्या गाडीच्या डब्यांतून भाजीच्या टोपल्या आणि दुधाचे कॅन चढता-उतरताना मी लहानपणी पाहिले आहेत.

नागभीड तालुक्यातल्या एका मोठ्या गावात त्या दिवशी आठवडी बाजार होता. अकराच्या सुमारास आम्ही पोहोचलो तेव्हा पाले नुकतीच उभी राहत होती. असे बाजार दुपारी दोननंतर भरात येतात, परंतु जंगलातली आणि तळ्यातली जिन्नस घ्यायची असेल तर लवकर जाणेच चांगले, कारण ती थोडी असते आणि ओळखीची गिऱ्हाइके आधीच उचलतात. जानेवारी असल्यामुळे पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचे ढीग होते, लाखोरीची कोवळी भाजी होती, कोचई म्हणजे अळूचे कंद होते, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या होत्या आणि शिंगाड्याचा हंगाम संपत आल्याने उकडलेले काळे शिंगाडे एकाच बाईकडे उरले होते. इथे भाजी आणि मासोळी वाट्यावर विकली जाते. वाटा हाताने लावलेला असतो आणि भाव ठरल्यावर बाई त्यात आणखी चार शेंगा टाकते. नाशिकच्या मैत्रिणीला या शेवटच्या चार शेंगांचे फार अप्रूप वाटले. ती प्रत्येक भाजीचे नाव विचारत होती आणि विकणाऱ्या बाया तिला नावाबरोबर ती कशात घालायची, किती वेळ शिजवायची, कोणी खाऊ नये, हे सगळे सांगत होत्या. वांग्यात पोपट घालायचे तर दाणे आधी वाफवू नका, नाहीतर भाजीला वास राहत नाही, हा सल्ला मी स्वतः प्रथमच ऐकला आणि घरी करून पाहिला. तो खरा आहे.

बाजाराच्या टोकाला जंगलाकडच्या गावातून आलेली एक म्हातारी गोणपाटावर वाळलेली मोहफुले घेऊन बसली होती. मोहाची फुले चैत्राच्या आगेमागे पहाटे गळतात, ती उजाडताच वेचावी लागतात आणि उन्हात वाळवून वर्षभर ठेवता येतात. नाशिकच्या मैत्रिणीने मूठभर फुले नाकाशी नेली आणि मनुकांच्या पोत्यात तोंड घातल्यासारखा वास आहे, असे ती म्हणाली. मग अर्थातच वाइनचा विषय निघाला. मोहफुलांपासून दारू गाळली जाते, हे विदर्भात कोणाला सांगावे लागत नाही. परंतु वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपूर जिल्ह्यातही ती २०१५ ते २०२१ या काळात होती, आणि या बंदीसाठी गावोगावच्या बायांनी किती सोसले आहे हे आम्ही शाळांमध्ये काम करताना जवळून पाहिले आहे. त्यामुळे नाशिकसारखे चाखण्याचे दालन इथे असावे, असे मला वाटत नाही. मोहाची दुसरी बाजू मात्र पुढे यायला हवी. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरचे निर्बंध उठवले आहेत. त्या म्हातारीच्या सुनेने भाजलेली मोहफुले, तीळ आणि गूळ कुटून केलेले लाडू डब्यात आणले होते. पहिल्या घासाला मोहाचा उग्र गंध जाणवतो, दुसऱ्या घासाला तो गोडव्यात मिसळतो आणि लाडू संपल्यावर बराच वेळ टाळूवर राहतो. आम्ही डबा रिकामा केला. लाडवांत तीळ किंचित जास्त होता एवढीच माझी तक्रार आहे.

बाजाराविषयी एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. एवढ्या मोठ्या बाजारात, जिथे विकणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बाया आहेत, तिथे त्यांच्यासाठी वापरण्याजोगे एकही स्वच्छतागृह आम्हाला आढळले नाही. सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत बसणाऱ्या या बाया पाणीच कमी पितात, असे त्यांच्यापैकी एकीने आम्हाला सांगितले. आम्ही चार तासांसाठी आलो होतो आणि आम्हालाच त्रास झाला; त्यांचे हे दर आठवड्याचे आहे.

आता त्या शेवटच्या ठिकाणाकडे, म्हणजे खाणावळीकडे, येते. या खाणावळीला नाव नाही आणि पाटीही नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका घराच्या ओसरीवर चार बाकडी टाकलेली आहेत आणि भिंतीवर शाळेतून मोडीत निघालेला एक काळा फळा टांगलेला आहे, ज्यावर त्या दिवशी काहीही लिहिलेले नव्हते. स्वयंपाक करणाऱ्या काकू साठीच्या आसपासच्या आहेत आणि त्यांचा मुलगा वाढतो. "बसा ना जी बाई, हात धुवा," एवढेच त्या म्हणाल्या आणि काय हवे हे विचारले नाही, कारण त्या दिवशी बाजारात जे मिळाले तेच शिजलेले होते.

ताटात वांगे-पोपट, लाखोरीच्या डाळीचे दोन वडे, मासोळीचा रस्सा, वरण, मिरचीचा भुरका, कांदा आणि भात होता. मासोळी न खाणाऱ्या पवनीच्या मैत्रिणीला त्याऐवजी कोचईची आंबट भाजी मिळाली. वांगे-पोपटात तेल बेताचे होते आणि पोपटाचे दाणे अख्खे राहूनही आतून पिठूळ झाले होते. लाखोरीचे वडे जवसाच्या तेलात तळलेले होते. ज्यांना त्या तेलाच्या वासाची सवय नाही त्यांना पहिला वडा कडवट लागेल, नाशिकच्या मैत्रिणीलाही लागला. पण जाडसर वाटलेली डाळ, लसूण आणि सांबार यांची चव त्या तेलाशिवाय उभीच राहत नाही, असे माझे मत आहे. धान कापण्याआधीच ओलसर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोरी आणि जवस फेकून पेरतात, त्याला उतेरा म्हणतात. डाळ आणि तेल एकाच बांधीतून आलेले, म्हणून ती जोडी जमते. लाखोरी हीच रोजची मुख्य डाळ म्हणून खाल्ली तर पायांतले बळ जाऊ शकते, त्यामुळे तिच्या विक्रीवर राज्यात अनेक वर्षे बंदी होती. काकूंना हे माहीत आहे आणि त्या वडे रोज करत नाहीत, बाजाराच्या दिवशीच करतात.

मासोळी मरळ होती आणि ती गावच्या मामा तलावातली होती. माजी मालगुजारी तलाव म्हणजे मामा तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली तेव्हापासून 'माजी' हा शब्द त्यांना चिकटला, पण धानाला पाणी आणि गावाला मासोळी देण्याचे काम ते आजही करतात. रश्शाला वाळलेल्या कैरीच्या फोडींचा आंबटपणा होता आणि तिखट होते ते भिवापुरी, हे आम्हाला आता जिभेनेच ओळखता आले. रस्सा पातळ होता, अंगाने मसाल्याचा नव्हता, आणि त्यामुळे मरळीची गोडी दबली नाही. ढाब्यावरच्या लाल रश्शानंतर हा रस्सा खाताना आम्ही काही वेळ बोललोच नाही.

या सगळ्याहून मोठी गोष्ट भात होती. बारीक, मोकळा, निवल्यावरही मऊ राहणारा, आणि नुसता मीठ लावून खावा असा. जानेवारीत घरोघरी नवा तांदूळ असतो, तो शिजला की चिकटतो. हा तसा नव्हता. विचारल्यावर काकू चुलीपासून उठून बाहेर आल्या. "मागच्या सालचा एचएमटी आहे जी. नवा भात चिकट होते, पाहुन्यायले वाढाले बरा नाई दिसत." मग त्यांनीच विचारले, "दादाजींचं गाव पाहिलं का तुमी?"

हे दादाजी म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे, याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे, जे मराठवाड्यातल्या शहराहून वेगळे आहे. दीड एकराचा हा शेतकरी. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या बांधीत त्यांना तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करत एक नवा वाण उभा केला. तो बाजारात गेला तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळी एचएमटीचे घड्याळ हाती असणे मानाचे होते, त्यावरून तेच नाव तांदळाला पडले. त्यांनी पुढे डीआरके, नांदेड चिन्नूर यांसारखे आणखी वाण निवडले, २००५ मध्ये त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, आणि ३ जून २०१८ रोजी ते गेले. एचएमटी तांदूळ आज देशाच्या कितीतरी भागांत विकला जातो. नाशिकची मैत्रीण तिकडे हाच तांदूळ कित्येक वर्षे खात होती आणि तो घड्याळाच्या कारखान्याच्या नावाचा कुठलासा ब्रँड असावा, असे तिला वाटत होते. तिने भात पुन्हा मागून घेतला, त्यावर काहीही न घालता खाल्ला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून सकाळपासून माझ्या मनावर असलेले ढाब्याचे ओझे उतरले.

खाणावळीच्या उणिवाही सांगते. पिण्याचे पाणी माठातले आणि चवीला चांगले होते, पण माठावर झाकण नव्हते. ताटे स्टीलची आणि स्वच्छ. मात्र भुरक्याची वाटी सगळ्या बाकड्यांवर एकच फिरते आणि तिच्यातला चमचाही एकच असतो, ते बदलायला हवे. भाकरी मिळत नाही, कारण हा ज्वारीचा मुलूख नाही. ज्यांना भात चालत नाही त्यांनी पोळ्या सोबत आणाव्यात. ताटाचे १२० रुपये झाले आणि भात, वरण, भाजी हवी तेवढी मिळाली. मासोळी तळ्यात जाळे पडते त्याच दिवशी असते, म्हणून आदल्या दिवशी गावात कोणाकडून तरी निरोप पाठवलेला बरा. दुपारी तीननंतर चूल विझते. इतर दिवशी इथे वरण-भात आणि एक भाजी एवढेच असते, तेव्हा जायचे तर बाजाराच्या दिवशीच जावे.

निघताना ब्रह्मपुरीच्या मैत्रिणीने पिशवीतून खडू काढला, काकूंना विचारले आणि भिंतीवरच्या त्या रिकाम्या फळ्यावर शाळेच्या वळणदार अक्षरांत लिहिले: आजचा भात – जुना एचएमटी, वाण दादाजी खोब्रागडे यांचा. मासोळी – मरळ, गावतलावातली. तिखट – भिवापुरी. नाशिकच्या मैत्रिणीने काकूंच्या मुलाकडून दहा किलो तांदूळ बांधून घेतला आणि परतीच्या गाडीत ती गोणी पायाशी ठेवली.

दोन आठवड्यांनी ब्रह्मपुरीची मैत्रीण त्याच बाजाराला पुन्हा गेली. तिचे अक्षर फळ्यावरून पुसले गेले होते. त्या जागी काकूंच्या मुलाच्या तिरक्या अक्षरात लिहिलेले होते: आज डीआरके. मासोळी नाही, जाळे पडले नाही.